अहवाल लिहायचाय? मग असा लिहा!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी आता शाळेत, अंगणवाडीत, बचत गटात नाहीतर ग्रामपंचायतीत काम करताहेत. काम चोख असतं. पण 'अहवाल द्या' म्हटलं की पेन अडतं. मग लिहिलं जातं, "पाण्याची फार गैरसोय होते, तरी योग्य ती कारवाई व्हावी." साहेब वाचतात, कागद फाईलला लागतो, अन् पोरं तेच गढूळ पाणी पितात!

खरं तर अहवाल आपल्याला नवा नाही. दुधाचा खाडा आपण कॅलेंडरवर मांडतोच ना? तारीख आणि लिटर लिहिलेलं असलं की महिनाअखेर दूधवाल्याशी वाद होत नाही. ऑफिसातही हीच रीत.

समजा, शाळेच्या टाकीचं झाकण तुटलंय. पहिल्याच ओळीत मागणं लिहा : "झाकण 30 नोव्हेंबरपर्यंत बदलून मिळावे." मग ते कोणत्या तारखेला तुटलं, किती मुलं ते पाणी पितात, आधी कुणाला कळवलं होतं. शेवटी खर्च किती येईल नि काम कुणी करायचं. 'बरीच', 'वारंवार', 'लवकरात लवकर' हे शब्द गाळा. तिथे आकडा नि तारीख घाला. पाहिलेलं अन् ऐकलेलं एकत्र कालवू नका. ऐकलेलं असेल तर 'पालकांनी सांगितले' असं स्पष्ट लिहा.

आमच्या गुरुकुंज मोझरीचंच बघा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो माणसं एकदम स्तब्ध होतात. 'सायंकाळच्या सुमारास' एवढीच नोंद असती, तर हा क्षण साधला असता का?

अन् हो, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या सदस्य बायका असाव्यात, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तेव्हा सभेचं इतिवृत्त 'पुरुष मंडळी लिहितील' म्हणून सोडून देऊ नका. आपलं म्हणणं वहीत उतरलं नाही, तर पुढच्या सभेत ते 'कुणी बोललंच नव्हतं' ठरतं! त्याच रात्री, आठवण ताजी असताना, कच्चं लिहून काढा. कागद देताना एक प्रत आपल्यापाशी ठेवा, तिच्यावर सही-शिक्क्याची पोच घ्या. पुढं विचारायला जाल, तेव्हा हातात तारीख असेल.