वळूचे दुखणे थट्टेवारी नेऊ नका!



गाय उलटली की घरोघरी एकच बोल: गाईतच खोट! दोन-तीनदा उलटली की गाय बाजाराची वाट धरते. ज्या वळूकडे ती नेली, त्याच्याकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. त्याच्या लिंगाच्या दुखण्याचे नाव काढले की पारावर हशा पिकतो. आम्ही म्हणतो, हा हशा कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारा नाही.

सोलापूर जिल्हा हे खिलारचे घर. सांगोला, मंगळवेढ्याच्या रानात चांगला वळू म्हणजे घराचे भांडवल. ते एका उडीत बुडते. गाय हलली, वळूचा पाय घसरला, की ताठलेले लिंग वाकते, आतले आवरण फाटते आणि अंडकोषाच्या जरा पुढे रक्त साकळून गाठ येते. मग डाग देणारे, दाभण टोचणारे धावून येतात. टोचले की आत पू होतो आणि वळू हातचा जातो. अशा वेळी डॉक्टर बोलवा. गाय दाखवणे निदान दोन महिने बंद ठेवा. गाठ मोठी असेल तर शस्त्रक्रिया लागते आणि तीही आठ-दहा दिवसांच्या आत.

दुसरे दुखणे डोळ्यांना दिसतच नाही. लिंगावरच्या खोळीच्या घड्यांत काही रोगजंतू घर करतात. वळू धडधाकट दिसतो, पण त्याने दाखवलेल्या गाई उलटतात, गाभडतात. सरकार आपल्या गोठीत रेतन केंद्रावरच्या वळूंची या रोगांसाठी तपासणी करते. मग गावच्या वळूने काय घोडे मारले?

बैलाचे दुखणे वेगळे. लहानपणीच खच्ची केलेल्या बैलाचा मूत्रमार्ग अरुंद राहतो. उन्हाळ्यात पाणी तुटले की मुतखडा लिंगाच्या वळणात अडकतो. बैल शेपटी उचलून कुंथतो, थेंब थेंब मुततो. ‘सकाळी बघू’ म्हणाल तर मूत्राशय फुटेल. औताचा बैल पेरणीच्या तोंडावर गेला तर हंगाम गेला!

आणि कायदा काय म्हणतो? १९७६ च्या कायद्यात शेतीला, ओढकामाला, पैदाशीला निरुपयोगी ठरलेल्या बैल-वळूला कत्तलीचा दाखला मिळत असे. मार्च २०१५ पासून ती वाट बंद झाली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. पैदाशीतून गेलेला वळू खच्ची करून औताला लावा, असे सांगणे सोपे आहे. पण ट्रॅक्टरच्या जमान्यात त्याची किंमत काय, आणि थकल्यावर कडबा कोणाच्या गंजीतला? बंदी घालणारे मुंबईत, दावणीला पोसणारे आम्ही!

म्हणून आमचे मागणे साधे आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि पंढरपूरच्या कार्तिकी बाजारात पैदाशीच्या वळूची खोळ, लिंग, अंडकोष यांची तपासणी मोफत करा. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात या शस्त्रक्रियांची सोय आणि हात बसलेला डॉक्टर द्या. निकामी जनावर एक तर सरकारने सांभाळावे, नाही तर विकायची मोकळीक द्यावी.

जिल्हा मेळाव्यात हे ठराव मांडणार आहोत. लाज सोडा आणि बोला. दावणीला बांधलेले आपले भांडवल आहे!