सूर्याची वीज आणि विहिरीचे पाणी

गिरीजच्या हिरा डोंगरीवर, म्हणजे इतिहासात जिला वज्रगड म्हणतात त्या टेकडीवर, दत्तमंदिरापाशी उभे राहून चौफेर दृष्टी टाकली, की पश्चिमेस समुद्र, त्याच्या अलीकडे नारळी-केळींच्या वाड्यांचा अजून तग धरून असलेला हिरवा पट्टा, दक्षिणेस किल्ला आणि पूर्वेस तुंगारेश्वराच्या रांगेकडे सरकत गेलेले सिमेंटचे नगर असे वसईचे निरनिराळे काळ एकाच वेळी दृष्टीस पडतात. जुन्या दप्तरांत या भूमीचा उल्लेख बेट म्हणून येतो. पूर्वेकडची खाडी गाळाने आणि बांधांनी आकसत गेली, रेल्वे आली, पूल झाले, आणि आपण बेटावर राहतो याची जाणीव वसईकरांच्या मनातून निघून गेली. वीज आणि पाणी यांचा विचार करताना मात्र ती पुन्हा बाळगल्यावाचून गत्यंतर नाही.

सौरऊर्जेच्या पुरस्कर्त्यांनी वसईत येऊन सूर्याची नव्याने ओळख करून द्यावी, हे थोडे गमतीचेच आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून, दिवसचे दिवस उन्हात वाळवून जी सुकेळी येथे होतात, कोळीवाड्यांत वलांड्यांवर जे बोंबील सुकतात, नायगावच्या बाजूस मिठागरांत जे मीठ पडते, ते सारे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाच्या आणि वाऱ्याच्या बळावरच चालत आले आहे. आणि या उद्योगांचे वैशिष्ट्य असे, की ऊन ज्या गतीने काम करील त्याहून अधिक घाई तेथे माणसाला करताच येत नाही.

पाण्याचेही एके काळी असेच होते. वाडीतल्या विहिरीवर रेडा किंवा बैल रहाट ओढी, लोट्यांची माळ फिरे, पाटाने पाणी केळीच्या आणि पानवेलीच्या मुळाशी जाई, आणि जनावर थकले की उपसा थांबे. जोडीला बावखले होती. गोड्या पाण्याची ही खोदीव तळी पावसाचे पाणी धरून ठेवीत आणि सावकाश भूगर्भात मुरवीत. पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेचा पंप आला. आणि नगर वाढू लागले तसा वाड्यांतला हा साठा टँकरमध्ये भरून विकला जाऊ लागला. या उपशाविरुद्ध, आणि एकंदर वसईच्या हिरवाईसाठी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईचा जो लढा उभारला, तो जुन्या वसईकरांच्या स्मरणात आहे. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना २०२० मध्ये मिळाला. परंतु माझ्या मते त्यांचे मोठे कार्य ते हेच.

या लढ्यामागचे शास्त्र सोपे आहे. समुद्रकाठी भूगर्भातले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी १ फूट असेल, तर सपाटीखाली ते साधारण ४० फूट असते. उलट हिशेब असा, की वरची पातळी १ फुटाने उतरवली, तर कालांतराने खालचे खारे पाणी ४० फूट वर चढू पाहते. विहीर एकदा मचूळ झाली, की एखाद्या पावसाळ्याने ती पूर्ववत होतेच असे नाही.

अशा भूमीत ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही सरकारी योजना जशीच्या तशी राबवावी काय, असा माझा प्रश्न आहे. शेतकऱ्याने एक दशांश रक्कम भरावी, अनुसूचित जाती-जमातींतल्या शेतकऱ्याने त्याच्याही निम्मी, आणि बाकीचा भार सरकारने सोसावा, ही तरतूद कोरड्या मुलखातल्या, तारा न पोहोचलेल्या शिवारासाठी उपकारक असेल. पण सूर्य तळपतो तोवर फुकट चालणारा पंप वसईच्या वाडीत बसवणे म्हणजे उपशावरचा उरलासुरला लगाम काढून टाकणे होय. विजेचा पंप तरी कुठे पैसे मोजून चालतो, साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे बिल सरकारने २०२४ पासून माफच केले आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु एका चुकीच्या शेजारी दुसरी आणून बसवण्यास ते पुरेसे कारण नव्हे.

यावर तोड गुजरातेत निघालेली आहे. खेडा जिल्ह्यातल्या ढुंढी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सहकारी मंडळी काढून आपले सौरपंप वीजवाहिनीला जोडले, आणि सिंचनापुरती वीज वापरून उरलेली वीज कंपनीला विकण्यास आरंभ केला. उपसलेल्या प्रत्येक जादा घागरीमागे हातची कमाई जाते हे कळू लागले, की बागायतदार हिशेबाने पाणी काढतो. त्याला उपदेश करावा लागत नाही. आमच्या वाड्या काही गुंठ्यांच्या आहेत हे खरे. पण सहकार वसईला नवा नाही.

शहराचा वाटा याहून मोठा असला पाहिजे. १५३४ च्या तहाने वसई ज्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली, त्यानेच पुढल्या वर्षी त्यांना दीवला किल्ला बांधू दिला; त्या दीवने २०१६ च्या सुमारास दिवसाची सगळी वीज सूर्याकडून घेण्याचा मान मिळवला. वसई-विरारची लोकसंख्या पाहता तितकी मजल येथे शक्य नाही, पण इमारतींच्या गच्च्या रिकाम्या तापत आहेत हेही नाकारता येत नाही. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट निर्वेध जागा लागते, आणि पावसाळा जमेस धरूनही सरासरी दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. घरमालकाला केंद्राच्या योजनेतून कमाल ७८ हजार रुपये, तर गृहनिर्माण संस्थेला उद्‌वाहन, पंप यांसारख्या सामाईक गरजांसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. विक्रेते सहसा सांगत नाहीत ती गोष्टही ऐकून ठेवावी: बॅटरीवाचून बसवलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपणहून बंद पडते, कारण तारांवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये. तेव्हा भारनियमनातून सुटका होईल या आशेने कोणी पैसे गुंतवू नयेत.

तारापूरची अणुवीज १९६९ पासून आणि डहाणूची औष्णिक वीज १९९५ पासून ज्या जिल्ह्यातून बाहेर जाते, त्या पालघरने विजेसाठी पुष्कळ सोसले आहे. आता सूर्याच्या नावाने वाड्यांतले गोडे पाणीही त्यात जाऊ नये. म्हणून समुद्रपट्ट्यातल्या गावांत सौरपंपाच्या अर्जाबरोबर विहिरीच्या खारेपणाचा दाखला मागावा, मंजुरी वीजवाहिनीला जोडलेल्या पंपालाच द्यावी, आणि गिरीजपासून नंदाखालपर्यंतच्या ज्या बावखलांवर अजून भराव पडलेला नाही, त्यांची नोंद सातबाऱ्यावर घेण्याचा हुकूम तहसीलदारांनी येत्या पावसाळ्याआधी काढावा.