एक घराणें, अनेक चुली

न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावें म्हणून होतो तो वाद. जिंकावें म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा पाडावयाचा, ती वितंडा. आपल्या घरांत व सभांत पहिल्याचा दुष्काळ आणि उरलेल्या दोहोंची अतिवृष्टि असते, हें निराळें सांगावयास नको. म्हणून जेथें खरा वाद झाला तेथील हकीकत, ती परधर्मीयांची असली तरी, ऐकण्याजोगी असते. जागतिक मेथॉडिस्ट परिषदेच्या कार्यांतील अशी एक हकीकत आज वाचकांपुढें ठेवतों.

जॉन वेस्ली (1703–1791) हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा धर्मोपदेशक. ऑक्सफर्ड येथें तो व त्याचे सोबती प्रार्थना, अध्ययन, कैद्यांच्या भेटी इत्यादि सर्व नेमानें करीत; त्यावरून लोकांनीं थट्टेनें त्यांस ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, म्हटलें. थट्टेचें नांव पुढें पंथास चिकटलें. कालांतरानें पंथास शाखा व उपशाखा फुटल्या. अमेरिकेंत तर 1844 सालीं गुलामगिरीच्या प्रश्नावरून उभी फूट पडली, ती 1939 पर्यंत सांधली नाहीं.

अशा विखुरलेल्या घराण्याची पहिली जागतिक सभा 1881 सालीं लंडन येथें, वेस्लीच्याच प्रार्थनामंदिरांत, भरली. 30 संस्थांचे सुमारें 400 प्रतिनिधि जमले. 1951 सालीं या सभेस जागतिक मेथॉडिस्ट परिषद हें नांव मिळालें. आज सुमारें 80 चर्चें तिचीं सभासद आहेत. तथापि कोणाही शाखेवर हुकूम चालविण्याचा अधिकार तिला नाहीं. चुली निराळ्याच राहतात. वडील माणसानें सर्वांस एका पंक्तीस बसवावें, तेवढें तिचें काम. 1977 पासून ती शांततेसाठीं झटणाऱ्यांस पारितोषिक देते. पहिलें पारितोषिक बेलफास्टच्या सेडी पॅटर्सन या बाईंस मिळालें. तेथील दंगलींच्या काळांत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट स्त्रियांस एकत्र आणण्याचें काम त्यांनीं केलें होतें.

आतां मूळ हकीकत. मनुष्य ईश्वरास मान्य होतो तो कशानें, केवळ कृपेनें, कीं त्यांत त्याच्या कर्माचाही वांटा असतो ? हा प्रश्न आपणांस अपरिचित नाहीं. मांजरीच्या पिलास आईच तोंडांत धरून नेते. माकडाचें पिलूं आईस स्वतः बिलगून राहतें. या दोन दृष्टांतांवरून रामानुजीय वैष्णवांत दोन पक्ष झाले, हें संस्कृतज्ञ जाणतात. युरोपांत याच प्रश्नावरून, 1517 नंतर, ल्यूथर व रोम यांची ताटातूट झाली आणि दोहोंकडून धिक्काराचे लेख निघाले. चार शतकांहून अधिक काळ ते तसेच राहिले.

मग दोन्ही पक्षांचे पंडित अनेक वर्षें एकत्र बसले. 31 ऑक्टोबर 1999 रोजीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें ल्यूथरपंथी संघ व रोमन कॅथॉलिक चर्च यांनीं संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आरंभ कृपेचाच, सत्कर्में हीं त्या कृपेचीं फळें होत, हा सिद्धांत उभयतांस मान्य झाला. शब्दयोजना व भर यांत भेद उरला. परंतु या भेदासाठीं जुने धिक्कार आतां लागू पडत नाहींत, असें त्यांनीं ठरविलें.

मेथॉडिस्ट परिषद या भांडणांत मूळ पक्षकार नव्हती. तरी 23 जुलै 2006 रोजीं कोरियांतील सोल येथें तिनें या घोषणेस आपली संमति जोडली; मात्र डोळे मिटून नव्हे. कृपेनें मनुष्य केवळ क्षमा पावत नाहीं, तर आचरणानेंही पवित्र होत जातो, हा वेस्लीचा आग्रह तिनें सोबत लिहून दिला. यांत एक औचित्यही होतें. 1738 च्या मे महिन्यांत लंडनमधील एका लहानशा बैठकींत ल्यूथरची एक प्रस्तावना वाचली जात असतां वेस्लीच्या अंतःकरणास पालट झाला होता. नातवंडांनीं जुनें ऋण असें फेडलें म्हणावयाचें. पुढें 2016 त अँग्लिकन व 2017 त सुधारित पंथही या संमतींत मिळाले.

यावरून तंटे मिटले असें मात्र कोणीं समजूं नये. विवाह व धर्मगुरूंची दीक्षा यांसंबंधींच्या मतभेदांमुळें 2019 ते 2023 या काळांत अमेरिकेंतील संयुक्त मेथॉडिस्ट चर्चमधून साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या. परिषद त्यांस अडवूं शकली नाहीं. अडविण्याचा अधिकारच तिला नाहीं.

मग अशा अधिकारहीन परिषदेचा उपयोग काय, असें कोणी विचारील. भाऊ विभक्त झाले तरी कुळधर्मास एकत्र येणारीं घरें आपण पाहिलीं आहेत, आणि एकाच छपराखालीं राहून वर्षानुवर्षें अबोला धरणारींही पाहिलीं आहेत. पहिल्या घरांत कोणी तरी बोलावणें धाडणारें असतें, एवढाच फरक. ज्यास आज्ञा करतां येत नाहीं त्यास निदान बोलावतां येतें. आणि आलेल्यांनीं वितंडा सोडून वाद केला, तर चारशें वर्षांची अढीही सुटते. आपल्या घरांतील अढी बहुधा इतकी जुनी नसते.