नोकरी, कादंबरी आणि पहाटेचा चहा

‘आता नोकरी सोडतो आणि पूर्णवेळ कादंबरी लिहितो’ असं कुणी म्हटलं की माझ्याच्याने त्याचं अभिनंदन करवत नाही. गेल्या काही वर्षांत माझ्या तीन माजी विद्यार्थ्यांनी हे मला सांगितलं. एक बँकेत, एक संगणकाच्या कंपनीत, आणि एक चक्क आमच्याच धंद्यात, म्हणजे मास्तर. तिघांनाही मी म्हटलं, बाबांनो, राजीनामा खिशातच ठेवा, आधी पन्नास पानं दाखवा. बँकवाला रागावला. ‘सर, तुम्हीसुद्धा?’

रागावू दे. मराठीतला हिशोब तर करून बघा. कादंबरीची किंमत 300 रुपये धरा, आवृत्ती 1000 प्रतींची, मानधन 10 टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी हातात 30,000 रुपये. आणि सगळ्या खपायला किती काळ लागतो ते एखाद्या प्रकाशकाला एकांतात विचारावं. गोनीदांसारखा एखादा लेखणीवर संसार चालवून दाखवतो, पण तो गोनीदा असतो.

आपली कादंबरी वाढली ती मुळी नोकरदारांच्याच हातून. हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाचं व्यवस्थापन सांभाळत आणि ‘करमणूक’ साप्ताहिकासाठी आठवड्याच्या आठवड्याला प्रकरणं लिहीत. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत होते. त्यांची पहिली कादंबरी 1930 ची, म्हणजे शाळेत असतानाचीच. ‘मृत्युंजय’ 1967 साली आली तेव्हा शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळामास्तर होते, वय अवघं 27. वर्गात चाळीस-पन्नास पोरं हाकून घरी आल्यावर डोक्यात काय उरतं हे ज्याने अनुभवलंय त्यालाच या गोष्टीची किंमत कळेल.

आणि श्री. ना. पेंडसे! नोकरी मुंबईत, ‘बेस्ट’मध्ये. बस आणि वीज यांच्या कारभारात दिवस जायचा, पण मन दापोलीकडच्या माडा-पोफळीत. 1950 ची ‘हद्दपार’, 1952 ची ‘गारंबीचा बापू’, 1962 ची ‘रथचक्र’, सगळी नोकरीच्या काळातली. (‘हद्दपार’ मास्तरावरची आहे, म्हणून माझा जरा पक्षपात समजा.) मात्र ‘तुंबाडचे खोत’ हा दोन खंडांचा डोंगर आला 1987 साली, निवृत्तीनंतर. याचा अर्थ ज्याने त्याने काढावा. मला वाटतं, काही पुस्तकांना खरोखरच मोकळा दिवस लागतो, पण तो दिवस पेलायची ताकद आधीच्या चोरून घेतलेल्या तासांतून येते.

यावर पोरं हमखास नेमाड्यांचं उदाहरण फेकतात. ‘कोसला’ त्यांनी पंधरा-सोळा दिवसांत एका बैठकीला बसावं तशी लिहिली! खरं आहे. 1963 साली ती आली, लेखक पंचविशीतला. पण पुढची ‘बिढार’ आली 1975 साली. मधली बारा वर्षं ते काय करत होते? इंग्रजी शिकवत होते. आणि चांगदेव पाटील हा प्राध्यापक कुठून आला? त्याच नोकरीतून ना!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसता पेन्शनीत बसलेला उपदेशक ठरेन. कथा रविवारी लिहिता येते. कविता लोकलमध्ये सुचते. कादंबरीचं तसं नाही. तिच्यातली पंधरा-वीस माणसं, त्यांची वयं, कोण कुणाशी कधी काय बोललं, हे सगळं महिनोन्महिने डोक्यात उभं ठेवावं लागतं. आठ दिवस ऑडिट आलं की ती माणसं गर्दी पांगावी तशी पांगतात, आणि परत गोळा करायला आणखी आठ दिवस जातात. म्हणून मी म्हणतो, रविवारचे सहा तास नकोत, रोजचा पाऊण तास हवा.

अँथनी ट्रोलॉप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात होता. पहाटे साडेपाचला टेबलापाशी बसायचा, पुढ्यात घड्याळ, दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. अशा 47 कादंबऱ्या लिहिल्या, बहुतेक गाजलेल्या टपाल खात्यात असतानाच. 1867 मध्ये नोकरी सोडली. ही शिस्त त्याने आत्मचरित्रात सांगून टाकली, आणि रसिक मंडळी नाराज झाली. प्रतिभा अशी घड्याळावर चालते का म्हणे!

मला मात्र त्याच आत्मचरित्रातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. त्याला पहाटे उठवून कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. आपल्या यशात या माणसाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा, असं ट्रोलॉपने मोकळेपणाने लिहून ठेवलंय.

आमच्याकडे ते पाच पौंड कुणाला मिळाले? पहाटे चहा ठेवणारी, ‘बाबा लिहितायत, आवाज करू नका’ म्हणून पोरांना दटावणारी, बाजार आणि दुखणीखुपणी अंगावर घेणारी बाई मराठी कादंबरीच्या इतिहासात कुठे दिसत नाही. फार तर अर्पणपत्रिकेत एक ओळ. म्हणून नोकरी सोडू का असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, घरातलं कोणतं काम तू करतोस? गप्प होतात.

बाईने लिहायचं तर नोकरी दोन, आणि वर नाव झाकायचं. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि गदारोळ उडाला तेव्हा मालतीबाई शिक्षिका होत्या, आणि पुस्तकावर नाव होतं विभावरी शिरूरकर.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सरकारी कचेरीत आहे. तिने नोकरी सोडण्याचा विषय कधी काढला नाही. कचेरी सुटल्यावर सगळे गेले की पाऊण तास तिथेच बसून लिहिते, कारण घरात पाय टाकला की कुकर वाट पाहत असतो. फायलींच्या कोऱ्या पाठींवर 140 पानं झालीत. मी वाचली. तिसरं प्रकरण ढिलं आहे, सासऱ्याचं मरण फार घाईत उरकलंय. तसं तिला कळवलंय. ‘मार्चएन्ड होऊ द्या सर, मग बघते’ म्हणाली.