‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्यांना

‘सगळे एकाच माळेचे मणी!’ ठाण्यातल्या वर्तकनगरच्या रिक्षा स्टँडवर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य इतकं सहज कानी पडतं की ते खरं आहे का, असा प्रश्नही कुणाला पडत नाही. मला ते खोटं वाटतं आणि घातकही वाटतं.

या मंडळींच्या हाती पुरावे आहेत, हे आधी कबूल करतो. इथल्याच विहंग गार्डनमधल्या अनधिकृत बांधकामाचं प्रकरण घ्या. आमदार प्रताप सरनाईक यांच्याशी संबंधित या प्रकल्पाला महापालिकेने कोट्यवधींचा दंड लावला होता. जानेवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने तो दंड व्याजासकट माफ केला आणि भाजपने त्यावर टीकेची झोड उठवली. त्याच वर्षी शिवसेना फुटली, सरनाईक एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये फडणवीस सरकारात मंत्री झाले. माफी देणाऱ्यांपैकी काही आज विरोधात, तर टीका करणारे सरनाईकांसोबत. ती माफी योग्य होती की नव्हती, हे आता कोण कुणाला विचारणार?

दुसरं प्रकरण वर्तकनगर पोलीस ठाण्यातलं. एप्रिल २०२० मध्ये एका अभियंत्याला झालेल्या मारहाणीचा गुन्हा तिथे नोंदवला गेला. त्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. आरोप त्यांनी नाकारले आहेत, आणि अटक झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. पण तपास करणारे पोलीस ज्या सरकारचे, त्याच सरकारातला मंत्री तपास चालू असताना खुर्चीवर राहिला. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

यावरून ‘सगळे सारखेच’ हे सिद्ध होतं का? महाराष्ट्राचा इतिहास तसं सांगत नाही. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर अंतुले यांना १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांवरून १९८६ मध्ये निलंगेकर यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. पुण्यातलं भूखंड प्रकरण पेटलं आणि १९९९ मध्ये मनोहर जोशी पायउतार झाले. २०१० मध्ये ‘आदर्श’ सोसायटीच्या प्रकरणावरून अशोक चव्हाणांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पक्ष वेगवेगळे, काळ वेगवेगळा, पण पद प्रत्येकाचं गेलं.

‘त्यांनी काय स्वतःहून दिले का राजीनामे? द्यावे लागले!’ असं कुणी म्हणेल. अगदी बरोबर, आणि माझा मुद्दाही तोच आहे. पुढाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर विसंबून राहायची गरजच नाही. न्यायालय, वृत्तपत्रं, विरोधक आणि लोक यांचा रेटा एकत्र आला की खुर्ची हलते. ‘सगळे चोर’ म्हणणारा माणूस या रेट्यातून स्वतःचा हात काढून घेतो. त्याला वाटतं आपण व्यवस्थेवर रागावलो आहोत. प्रत्यक्षात तो सगळ्यांनाच मोकळं सोडतो, आणि ज्याने खरोखर काही केलं आहे त्याचा त्यात सर्वांत जास्त फायदा होतो. जो प्रामाणिक आहे, त्याच्या प्रामाणिकपणाला मात्र काही किंमतच उरत नाही.

‘जनताच तशी, मग नेते कसे वेगळे असणार?’ हा दुसरा युक्तिवाद. तो ऐकला की मला म्हाडा वसाहतीतली सोसायटीची वार्षिक सभा आठवते. टाकी साफ करायला बाराशे रुपये लागले तर व्हाउचर दाखवा म्हणून सेक्रेटरीला उभं करतात. सही कुणाची, तीन कोटेशनं का मागवली नाहीत, भाच्याला काम कसं दिलं? रात्री अकरा वाजले तरी माणसं हटत नाहीत. म्हणजे हिशोब मागणं आपल्या अंगात आहे. बाराशे रुपयांसाठी असलेली ही चिकाटी कोट्यवधींच्या माफीपाशी का संपावी?

‘खातो, पण काम करतो’ याला मी एवढंच म्हणेन की काम करायला त्याला पगार आहे.

पुढारी संत असावा अशी माझी अपेक्षा नाही. त्याचं घर, देवधर्म, नातीगोती हा त्याचा प्रश्न. मागणं दोनच आहेत: स्वतःच्या फायद्याचा निर्णय असेल तर तो जाहीर कारणांसह व्हावा, आणि गंभीर गुन्ह्याचा तपास चालू असेपर्यंत मंत्रिपद सोडावं. मात्र हे दोन्ही नियम आपण ज्याला मत दिलं त्याला आधी लावायचे. आव्हाडांचे समर्थक सरनाईकांबद्दल विचारतात, सरनाईकांचे आव्हाडांबद्दल. दोघांनीही आपापल्या नेत्याच्या कार्यालयात जाऊन विचारावं. तिथे उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. त्या दंडमाफीच्या फाइलवर कोणत्या खात्याने काय शेरा मारला, हे वर्तकनगरच्या मतदाराला त्यात विचारता येतं.