दोन पडदे, तीन वर्षें

नवी वस्तु निघाली कीं तिची स्तुति करणारे व तिची टवाळी करणारे असे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. खरी परीक्षा मात्र या दोघांचा गलबला शमल्यावर सुरू होते. याचें एक बोधप्रद उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २ ऑक्टोबर २०१९ रोजीं ‘सरफेस ड्युओ’ नांवाचा दोन पडद्यांचा मोबाईल जगास दाखविला, व १० सप्टेंबर २०२० रोजीं तो तेथें १,३९९ डॉलरांस विक्रीस आला. त्या सुमारास इतर कांहीं कारखानदार दुमडणारा एकच पडदा तयार करण्याच्या खटपटींत होते. या कंपनीनें तसें न करितां काचेचे दोन स्वतंत्र पडदे बिजागरीनें जोडले. पुस्तकासारखा तो उघडावा, एका पानावर धडा वाचावा व दुसऱ्यावर टिपण करावें, अशी ही योजना. उघडल्यावर त्याची जाडी अवघी ४.८ मिलिमीटर!

कल्पना सुरेख होती व घडणही तिला शोभेशी होती. परीक्षकांनीं बिजागरीची वाखाणणी केली. परंतु त्यांपैकीं अनेकांनीं आंतील कारभाराविषयीं तक्रारीही केल्या. बोट लावावें तर पडदा दाद देईना. चाललेलें काम मध्येंच बंद पडे. कॅमेरा एकच, व तोही सामान्य. २१ ऑक्टोबर २०२१ रोजीं दुसरी आवृत्ति १,४९९ डॉलरांस आली. तींत मागील बाजूस तीन कॅमेरे आले, तरी आंतील उणिवांविषयींची कुरकुर थांबली नाहीं. तिसरी आवृत्ति बाजारांत आलीच नाहीं. पहिलीस मिळणाऱ्या सुधारणा १० सप्टेंबर २०२३ रोजीं व दुसरीस मिळणाऱ्या २१ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंद झाल्या. म्हणजे विक्रीच्या पहिल्या दिवसापासून बरोबर तीन वर्षांनीं.

नवा प्रयत्न फसला म्हणून हंसणें आम्हांस मान्य नाहीं. फसलेल्या प्रयत्नांवांचून कोणतीही विद्या पुढें गेलेली नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. सुरक्षिततेच्या सुधारणा थांबल्या कीं बिजागरी शाबूत असूनही मोबाईल विश्वासानें वापरण्याजोगा राहत नाहीं. ज्यानें तो दोन वर्षें उशिरां घेतला, त्याच्या वांट्यास एकच वर्ष आलें. म्हणून वस्तु किती वर्षें सांभाळली जाईल हें किंमतीइतक्याच ठळक अक्षरांत सांगणें विकणाऱ्याचें कर्तव्य होय. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून मोबाईलच्या दुरुस्तीविषयीं व सुधारणांविषयीं नियम लागू केले, हें योग्यच झालें.

परंतु नियमांची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. विद्यार्थी मित्रहो, वडिलांपाशीं नव्या मोबाईलचा हट्ट धरण्यापूर्वीं तो किती सुंदर आहे याबरोबर तो किती वर्षें चालेल हेंही विचारा. ज्या पैशाची ती वस्तु, तो मिळविण्यास घरीं किती महिने लागले, याचा हिशेब मांडा. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, हा हिशेब मुलांपासून लपवूं नये. त्यांस जवळ बसवून तो त्यांच्याच हातानें करवून घ्यावा.