पोट झाका, फोन चालू ठेवा

आमच्या बेली डान्सच्या क्लासच्या दारावर चालकांनी नियमांचा कागद चिकटवलाय. एक, पोट झाकलेलं हवं. दोन, पोशाख 'शोभेल असा' हवा. तीन, फी ५ तारखेच्या आत. झाले नियम!

अहो, या नाचात शिकायचं तेच मुळी कमरेचं आणि पोटाचं. सैल कुर्त्याआड कंबर कुठे अडतेय हे मॅडमना दिसणार कसं? (खुद्द इजिप्तमध्ये १९५०च्या दशकात सरकारनं नर्तकींना पोट झाकायला लावलं. त्यांनी पोटावर जाळी लावली आणि नाच चालू ठेवला. असो.)

नियम हवा होता तो फोनचा. गेल्या महिन्यात एकीनं कौतुकानं व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकला. मागच्या रांगेतल्या काकूही त्यात होत्या. फिरत फिरत तो त्यांच्या जावेपर्यंत पोचला. दोन वर्षं पावसापाण्यात न चुकता येणाऱ्या काकू तेव्हापासून आलेल्या नाहीत. आणि त्यांचं पोट झाकलेलंच होतं हो, पूर्ण!

मला विचाराल तर फोन पिशवीत, दार बंद, न्यायला आलेले नवरे जिन्याखाली. मॅडम बोलत असताना कमरेचा नाण्यांचा रुमाल खुळखुळवायचा नाही. शेजारणीला न विचारता शिकवायचं नाही (हा माझ्यासाठीही). कपड्यांचं जिचं ती बघेल.

हे सगळं मी चालकांना लिहून दिलंय. 'बघू' म्हणाले. काकूंना फोन केला, तर गुडघा दुखतोय म्हणाल्या.